ओले हात

दुपारी दोन ते चार आमचं दुकान बंद असतं. शटर पूर्ण खाली. अर्धं ठेवलं तर लोकांना वाटतं, वाकून विचारायला काय जातं, आणि एकदा वाकलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही, असं मालकांचं मत आहे. मालक त्या वेळात घरी जाऊन झोपतात. मी डबा खाते, डबा धुते आणि मग खिडकीशी बसून रफूचं बारीक काम काढते, कारण दुपारचा उजेड पांढरा असतो आणि काळ्या कोटातला काळा धागा तेवढ्याच वेळात वेगळा दिसतो. त्या बुधवारी मी मागच्या मोरीत उभी राहून डबा धूत होते. नळ जोरात सोडलेला होता. शटरवर थाप पडली आणि माझ्या हातानं नळ बंद केला.

एवढंच झालं. कुणाला सांगायला गेलं तर सांगण्यासारखं यात काही नाही. थाप मारणारा कुणी गिऱ्हाईक असणार, पाटी न वाचणारा; पाट्या वाचणारी माणसं जगात कमीच. पण नळ बंद करायचं मी ठरवलं नव्हतं. हात परस्पर गेला, तापलेल्या भांड्यावरून मागे येतो तसा, आणि त्याच्या पाठोपाठ श्वासही थांबला. साबण लागलेलं झाकण हातात धरून मी उभी. पुन्हा थाप. मग कुणीतरी खाकरलं, चपला वाजल्या आणि तो गेला. मी श्वास सोडला. माझ्या बोटांवरून थेंब फरशीवर पडत होते आणि पडताना ऐकू येत होते, इतकं सगळं गप्प झालं होतं. त्या गप्पपणात मला ताईच्या गाण्याच्या ओळी आठवल्या. आठवल्या म्हणजे तरी काय, त्या मी आजवर लोकांना निदान चारशे वेळा वाचून दाखवल्या असतील. आठवायला आधी विसरावं लागतं. पण या वेळी त्या मी म्हणत नव्हते. शटरच्या पलीकडून, माझ्याकडे तोंड करून, कुणीतरी म्हणत होतं.

तेरा पायऱ्या चढून आले, तेरा उतरून गेले,
दारामागचा श्वास कुणाचा, ओळखून मी गेले.
दार वाजता आतले पाणी वाहायचे थांबले,
'नाही कुणी' हे सांगायाला कुणीतरी थांबले.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिनं आयुष्यात मोजून नऊ गाणी लिहिली, त्यातलं हे एक गाजलं. ती तेव्हा एका कचेरीत टंकलेखिका होती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा भाऊ चाली लावायचा, त्याच्यापर्यंत कागद गेला, मग एका बाईंनी गायलं, रेडिओवर लागायला लागलं. मधे दहा-बारा वर्षं कुणाला आठवलं नाही आणि आता पुन्हा विशीतली पोरं ते गिटारवर म्हणतात, फार सावकाश, डोळे मिटून. ताईला कुणी विचारलं, याचा अर्थ काय, की ती म्हणते, "धाकटीला विचारा. तिला कळतं सगळं." धाकटी म्हणजे मी. हे ती म्हणाली की मला कायम बरं वाटत आलंय. लहानपणी ती भांडी घासून झाली की ओले हात माझ्या पाठीला पुसायची आणि मी ओरडले की म्हणायची, तुझी पाठ म्हणजे आमचा टॉवेल. त्या माणसानं आपल्याला पुढे करावं, यात बरं वाटण्यासारखं होतंच.

माझं शिक्षण शिवणाच्या वर्गाच्या प्रमाणपत्रापाशी संपतं. बाकीचं मी वाचनालयातल्या खालच्या फळीवरून उचललं, जिथे गाण्यांची आणि कवितांची पुस्तकं ठेवतात, कारण ती कुणी मागत नाही. ग्रंथपालबाई एकदा कसर लागलेली शाल रफूला घेऊन आल्या, बोलता बोलता गाण्यावर विषय गेला, आणि त्यातून हा बुधवारचा वर्ग निघाला. संध्याकाळी साडेपाच ते सात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. त्याच बुधवारी त्याला दहा वर्षं होणार होती. येणारी माणसं बहुतेक निवृत्त. प्रत्येकानं एक गाणं स्वतःच्या हातानं लिहून आणायचं, कागदाच्या डाव्या अर्ध्यात; उजवा अर्धा अर्थासाठी कोरा. मग आम्ही ते शेवटच्या ओळीपासून वर वाचत जातो. रफू कापडाच्या उलट्या बाजूनं करतात, सुलट्या बाजूनं केलं तर गाठी दिसतात. मला वाटलं, गाण्याचंही तसंच असणार. आणि माझे दोन नियम आहेत. पहिला, गाण्यात स्वतःला शोधायचं नाही. प्रत्येकाला वाटतं गाणं आपल्यावर आहे, ते नसतं, तो आपला मोठेपणा असतो. दुसरा, लिहिणाऱ्याला अर्थ विचारायचा नाही, कारण त्याला तो माहीत नसतो. हे नियम मी इतक्या ठामपणे सांगत आले की लोक मला अर्थबाई म्हणायला लागले. आधी मागे म्हणायचे, मग पुढ्यात. दुकानात मी रफूवाल्या बाई आणि तिथे अर्थबाई. खरं सांगायचं तर बुधवारी दुकानातून निघताना मी केस नीट करायची ते त्या दुसऱ्या बाईसाठी.

आणि या अर्थबाईंनी दहा वर्षं सांगितलं होतं की तेरा पायऱ्यांचं गाणं आमच्या आईवर आहे. आई वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळून होती, ताई कचेरीतून रोज जिना चढून जायची. एका दुपारी ती पोचली आणि दार उघडायला कुणी नव्हतं. दारामागचा श्वास तो आईचा शेवटचा. वाहतं पाणी म्हणजे नाडी. शेवटच्या ओळीत थांबलेलं ते मरण, घरी कुणी नाही हे सांगायला थांबलेलं. इथे मी क्षणभर थांबायची. एक निवृत्त नर्स प्रत्येक वेळी रुमाल काढायच्या. आमच्या वर्गात एक गणितमास्तर आहेत, चाळीस वर्षं शाळेत शिकवलेले, ते एकदा म्हणाले, "बाई, तुमच्या आईच्या जिन्याला पायऱ्या किती होत्या?" मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन मोजल्या. अकरा. पुढच्या बुधवारी मी सांगितलं, चालीसाठी दोन वाढवल्या असतील, गाणं म्हणजे नकाशा नव्हे. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी कागदाच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहून ठेवलं.

रफूचा एक साधा नेम आहे. भोक भरायचा धागा त्याच कापडातून काढावा लागतो, आतल्या दुमडीतून, कुणाला दिसणार नाही अशा जागेवरून. दुसरीकडचा धागा कितीही जुळता असला तरी दोन धुण्यांत वेगळा पडतो. हे मी पोटासाठी तीस वर्षं करतेय. तरी त्या गाण्यातलं भोक मी आईच्या कापडातला धागा आणून भरलं आणि लोकांना म्हटलं, बघा, दिसतंय का कुठे?

मोरीतून मी खिडकीशी आले, कोट मांडीवर घेतला, सुई ओवली. हात अजून ओले होते ते पदराला पुसले. स्वतःला म्हटलं, उगाच. नळ जगात हजारो जणी बंद करतात. आणि तेवढ्यात ती दुपार आलीच. मी ती विसरले होते असं नाही. घडी घालून ठेवली होती, फडताळात सगळ्यात खाली, वर बाकीचे कपडे रचून. सव्वीस वर्षं झाली. पहिल्या मजल्यावरची आमची एक खोली, लाकडी जिना, नवं लग्न, म्हणजे दीड वर्षाचं. पण त्या दीड वर्षात मी त्या खोलीत कधी एकटी नव्हते. सासूबाई त्या महिन्यात थोरल्या दिरांकडे गेल्या होत्या. नवरा कामावर. मी दुपारची भांडी घासत होते, नळ सोडून, मोठ्यानं गात, वाट्टेल तसं बेसूर. आणि ताईच्या घरी तेव्हा अबोला चालू होता. ताईच्या घरचा अबोला म्हणजे साधासुधा नाही. भावजी एखाद्या गोष्टीवरून तिच्याशी बोलणं बंद करायचे आणि मग ते सगळं घरच बोलणं बंद करायचं, सासू, नणंद, सगळी. तीन आठवडे, पाच आठवडे. ती विचारायची, वाढू का, तर उत्तर नाही. ताट पुढे सरकवलं जायचं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, बाहेर सांगायला काही नाही. ती हसत म्हणायची, "मी आहे का नाही, हे बघायला मी मधूनमधून आरशात जाऊन येते." आठवड्यापूर्वी तिनं खालच्या दुकानात फोन केला होता. "थोडे दिवस येऊन राहीन म्हणते." मी म्हटलं, "ये की." आणि वर येताना जिन्यात मला तिची दया आली आणि कंटाळाही आला, दोन्ही एकाच पायरीवर.

आधी बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला. मग थाप. बॅग नसती तर मी उघडलं असतं, असं मी पुढे बराच काळ स्वतःला सांगितलंय, जणू यात काही बचाव आहे. बॅगेचा आवाज भरलेला होता. माझा हात नळाकडे गेला. खोली एकदम गप्प झाली. मी दोन पावलं टाकून दारापाशी आले, आणि हे का केलं ते मला आजही सांगता येणार नाही; लपायचंच होतं तर मोरीत उभी राहायचं. दाराला लागून उभी राहिले, हातांना राख आणि पाणी, कोपरापर्यंत. पलीकडे ती. मधे एक फळकुट. ती म्हणाली, "धाकटे." ओरडली नाही, हाकही नव्हती ती, नुसतं सांगितल्यासारखं. मी श्वास धरून ठेवला. मला वाटत होतं, आत्ता उघडलं तर इतका वेळ का नाही उघडलं ते सांगावं लागेल. एवढ्यासाठी. माणूस किती लहान कारणासाठी किती मोठं काम करतो. मग बॅग उचलली गेली आणि पायरीपायरीवर आपटत खाली गेली. मी मोजल्या नाहीत. तिनं मोजल्या.

ती त्याच घरी परत गेली, आणि आणखी चार वर्षं राहिली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "परवा आले होते. नव्हतीस तू."

"बाजारात गेले होते गं. थांबायचं ना जरा."

"थांबले होते जरा," ती म्हणाली.

त्यानंतर आजतागायत ताई माझ्याकडे फोन केल्याशिवाय आलेली नाही. येऊ का, घरी आहेस ना, नक्की ना. आम्ही आता एकाच भागात राहतो, तरी. मी लोकांना सांगायचे, आमच्या ताईचे शिष्टाचार बघा, सख्ख्या बहिणीकडेसुद्धा विचारून येते. काही वर्षांपूर्वी एकदा मी नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा तेव्हा, त्या खोलीत असताना, ताई राहायला आली असती तर? तो पेपर वाचत होता. म्हणाला, "ठेवून घेतलं असतं की. गादी टाकली की झाली जागा." आणि पान उलटलं.

चार वाजता मी शटर वर केलं. पाच मिनिटांत एक वयस्कर गृहस्थ आले, कोपरावर विरलेला कोट घेऊन, फार सभ्य. "मगाशी येऊन गेलो," ते म्हणाले.

"हो का? दोन ते चार बंद असतं. पाटी आहे."

"वाचली मग. तुम्ही आत होतात, नाही?"

"मी? नाही. म्हणजे…"

"नाही, पाणी वाहत होतं. मी थाप मारली तसं थांबलं. म्हटलं, आहेत बाई, पण जेवत असतील. कशाला त्रास द्यायचा." ते हसले. त्यात टोमणा नव्हता. खरंच मला त्रास नको म्हणून ते निघून गेले होते. "किती दिवस लागतील याला?"

मी म्हटलं, चार. त्यांनी कोट गल्ल्यावर पसरला आणि विरलेली जागा दाखवली, आणि मी ती बघत राहिले, कारण वर बघवेना. माझे कान गरम झाले होते. इतकी वर्षं मी धरून चालले होते की मी त्या दारामागे दिसले नाही. दिसले नाहीच. ऐकू आले. नसण्याचा केवढा आवाज झाला होता. आणि ताईनं तो जसाच्या तसा लिहून काढला होता, पायऱ्यांच्या आकड्यासकट. तिनं काही लपवलं नव्हतं, काही फिरवलं नव्हतं, नाडी नाही न् मरण नाही. नळ म्हणजे नळ. सगळ्या जगानं ते ऐकलं आणि जिच्यासाठी लिहिलं तिनं ते घेतलं आणि खुर्च्या मांडून लोकांना समजावून सांगितलं. दोनदा ताई समोर बसलेली असताना. मला आता आठवतं, नर्सबाई रुमाल काढायच्या तेव्हा ताई पर्समध्ये काहीतरी शोधायची. मला वाटायचं, तीही रुमालच शोधतेय.

मला कळलं नव्हतं का? हे मी स्वतःला विचारलं, चिठ्ठी फाडताना, कोट टांगताना, दुकानातून निघून वाचनालयाच्या रस्त्याला लागताना. कळलं नव्हतं हे खरं. पण कळू नये म्हणून मी केवढी मेहनत घेतली होती, तेही खरं. अकरा पायऱ्या मोजायला गेले, तिथून दोन गल्ल्या पुढे आमची ती जुनी इमारत होती, अजून उभी होती. त्या दिवशी मी दुसऱ्या रस्त्यानं घरी आले. गाण्यात स्वतःला शोधायचं नाही, हा नियम मी कुठल्या पुस्तकातून घेतला होता ते आठवायचा प्रयत्न केला. कुठल्याच पुस्तकातून नाही. मी केला होता.

वाचनालयाबाहेर फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, तेरा पायऱ्यांची गोष्ट, खास उपस्थिती गीतकार, आणि खाली ताईचा फोटो चिकटवलेला. दहा वर्षांचा कार्यक्रम म्हणून ग्रंथपालबाईंनी चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्या भरल्या होत्या. ताई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स, पाय जरा पुढे काढून, कारण गुडघा. सकाळी तिचा फोन आला होता, "संध्याकाळी येऊ ना? नक्की?" फळ्यावर जिचा फोटो, तिचा हा प्रश्न. मला बघून तिनं भुवया उंचावल्या, चेहरा का असा? मी मान हलवली, काही नाही.

मी उभी राहिले. हातात तोच कागद, डावा अर्धा भरलेला, उजवा अर्धा आईनं भरलेला. खालची ओळ वाचली. मग तिच्या वरची, पाण्याची. पुढे मी दरवेळी म्हणते, वाहतं पाणी म्हणजे काय असेल, सांगा बघू. नर्सबाई तयारीत होत्या. मी म्हटलं, "आजवर मी जे सांगत आले ते चुकलं होतं. हे गाणं आईवर नाही."

खुर्च्या करकरल्या. ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे पाण्याचा पेला सरकवला, बाईंना चक्कर आली असावी अशा समजुतीनं. गणितमास्तर ताठ बसले. "वाटलंच होतं," ते म्हणाले. "अकरा आणि तेरा. मग कुणावर आहे?"

उत्तर एका शब्दाचं होतं. तोंडात आलेलं होतं. आणि तिथे चाळीस माणसांपुढे माझाच नियम माझ्या मदतीला धावून आला: गाण्यात स्वतःला शोधायचं नाही. अर्थबाई आज आपल्यावर गाणं आहे म्हणाल्या, तर काय शोभा. मला असाही हिशेब सुचला की बोललं तर ते कबुलीसारखं कमी आणि मिरवल्यासारखं जास्त दिसेल. लाज वाटतानासुद्धा माणूस कसा दिसतो ते बघत असतो. मी पेला उचलला, पाणी प्यायले, खाली ठेवला. मी पुन्हा दारामागे उभी होते.

"मी सांगते," ताई म्हणाली. ती उठली नाही. पर्सवर हात ठेवून, बसल्या बसल्याच, मास्तरांकडे वळून बोलली. "एक बाई आहे. ती भांडी घासतेय. दार वाजलं, पण तिचे हात ओले होते. ओल्या हातानं कडी निघत नाही."

"निघत नाही?" मास्तर म्हणाले.

"लोखंडी असली की सटकते."

"बरं. मग?"

"मग काही नाही. हात पुसून येईपर्यंत आलेलं माणूस गेलं. एवढंच आहे गाणं."

मग मागून एकानं विचारलं, "म्हणजे ती उघडणार होती?"

"उघडणारच होती," ताई म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही तिनं.

लोकांना ते आवडलं नाही. मला दिसत होतं. आईच्या जागी भांडी म्हणजे फार कमी पडत होतं. नर्सबाई म्हणाल्या, "माफ करा हं, पण आम्हाला आईच बरी वाटते. शिवाय आमच्या बाई म्हणतातच, लिहिणाऱ्याला अर्थ माहीत नसतो." सगळे मनापासून हसले, ताईसुद्धा. "तेही खरंच आहे," ती म्हणाली. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांनी कागदावरचं काहीतरी खोडलं, माझ्याकडे एकदा बघितलं, मग नजर खाली घेतली. हिशेब जमला की माणसं अशी नजर खाली घेतात. टाळ्या झाल्या, ताईला एक शाल दिली. रफू केलेली नाही, नवी.

माझा नवरा लेकीकडे गेला होता, म्हणून ताई माझ्याकडे जेवायला येणार होती, तेही तिनं फोनवर दोनदा विचारून ठरवलं होतं. आम्ही चालत निघालो, तिच्या गुडघ्याच्या वेगानं. दुकानं अजून उघडी होती. एका दाराशी एक बाई पायपुसणं झटकत होती, ती होईपर्यंत आम्ही थांबलो. मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी…"

"माहितीये."

"काय माहितीये? मी अजून बोलले नाही."

"गाणं कुणी लिहिलंय?"

आम्ही पुढे निघालो. दहा-पंधरा पावलांनी मी म्हटलं, "इतकी वर्षं बोलली का नाहीस मग?"

"बोलले की. तीन मिनिटं वीस सेकंद. रेडिओवरसुद्धा बोलले. तू म्हणालीस, आईचं आहे."

"राग नाही आला?"

"आला तर. तो आधीचा. त्या घरात परत जाताना बॅग जड लागत होती, सगळा राग तुझ्यावरच काढला मी बसमध्ये." ती थांबली, गुडघ्यावर हात दाबला. "मग तू ते वर्गात वाचायला लागलीस ना, बुधवारी बुधवारी. मला वाटलं, माफी मागतेय. तिच्या पद्धतीनं. तोंडानं नाही जमत म्हणून आईच्या आडून मागतेय. म्हटलं, मागू दे. दोन-तीन वर्षं तशी समजून होते मी. मग एकदा समोर बसून ऐकलं आणि कळलं, अगं बाई, हिला पत्ताच नाही." ती हसायला लागली, रस्त्यात उभी राहून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला हसता आलं नाही. दारामागे उभं राहिल्याची लाज मला दुपारपासून वाटत होती, तिला निदान आकार होता. ही दुसरी लाज कुठून धरायची तेच कळेना: की तिनं मला तीन वर्षं माफ केलं होतं आणि तेही मी ऐकलं नव्हतं.

"खोटं का सांगितलंस पण?" मी विचारलं. "कडीचं."

"खोटं कशावरून? तुझे हात ओले नव्हते?"

माझं घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी किल्ली काढली आणि तिला म्हटलं, "तू ये सावकाश, मी पुढे होते." वर आले, दार उघडलं, पूर्ण, भिंतीला टेकेपर्यंत, आणि दिवा न लावता तशीच स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. मोठा. पाणी ओट्यावर उडायला लागलं. मी तिथेच उभी राहिले. खालून तिची पावलं येत होती, एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा, मधे कठड्याला अंगठी लागल्याचा आवाज. अशी पावलं मी एकदाच ऐकली होती, आणि ती उतरतानाची. या वेळी मी मोजली. सोळाव्या पायरीनंतर ती दारात आली. धापा टाकत होती.

"सोळा आहेत तुझ्याकडे," ती म्हणाली. "आणि अंधारात काय उभी? नळ कशाला सोडून ठेवलायस एवढा? पाणी वाया जातंय."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय. बंद कर."

मी हात पुढे केला. दुपारी परस्पर गेलेला हात, सव्वीस वर्षांपूर्वी परस्पर गेलेला हात, आता माझ्या सांगण्यावरूनही जाईना. पाणी त्याच्यावरून नुसतं वाहत राहिलं. ताईनं पर्स खाली ठेवली. भरलेली होती, आवाज झाला. ती माझ्या मागे आली, माझ्या खांद्यावरून हात घालून तिनं नळ बंद केला, आणि मग तो ओला हात माझ्या पाठीला पुसला. एकदा पालथा, एकदा सुलटा.